सेकंदाला पाच

"आलास, गेलास. आलास, गेलास. जावईसुद्धा सांगून येतो रे," नीला दातांखाली पुटपुटली.

खोलीत तिच्याशिवाय फक्त तिची आई होती, आणि ती मेथी निवडत होती. बोलणं चाललं होतं कपाटावरच्या राउटरशी. नीलाच्या डोळ्यांवर दूरचं दाखवणारा जाडजूड चष्मा होता, दोन्ही हातांत यंत्र चालवायच्या दोन मुठी, आणि त्या मुठींच्या पलीकडे, चारशे किलोमीटर दूर, समुद्राकाठच्या बंदरात एक भलामोठा कंटेनर हवेत लोंबकळत होता. नेट गेलं की क्रेन जागच्या जागी थिजायची. धोका काही नाही. पण मागे ट्रकांची रांग लागायची, आणि रांगेतल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असायचं की ही सोलापूरच्या पोरीची कृपा.

बंदरावरच्या क्रेनच्या केबिनीत माणसं बसायची बंद होऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. उंचावर चढायला नको, खारं वारं खायला नको. घरी बसा, मुठी फिरवा, माल उचला. नीलाचा हात असा सफाईदार की पहिल्या महिन्यातच तिचं नाव वरच्या यादीत गेलं. महिना परीक्षेचा होता, त्याचा हा शेवटचा आठवडा. आणि नेमकं आठवडा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी, राउटरनं कोणाला न विचारता स्वतःला नवं फर्मवेअर चढवून घेतलं. फर्मवेअर म्हणजे राउटरच्या पोटातला प्रोग्रॅम. त्याच्यावरच तो उठतो, बसतो, बोलतो. सोमवारपासून त्याचं बोलणं अधूनमधून तुटायला लागलं. दर वेळी चाळीस सेकंद. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात परत हजर.

मंगळवारी शिफ्ट संपता संपता कंपनीचा निरोप आला. आजवरचं माफ. पण गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे तीन दिवस लिंक एकदाही तुटता कामा नये. तुटली तर सोमवारपासून पुण्याच्या हॉलमध्ये बसून काम करायचं, राहायची सोय तिथंच.

"पुणं काय लांब आहे?" नीला म्हणाली. पण चष्मा काढला तेव्हा तिचं नाक लाल झालेलं होतं.

महानंदानं मेथीची जुडी बाजूला ठेवली, अंबाड्यात पेन्सिल खोचली आणि उठली. तिच्या पोटात आनंदानं गुदगुल्या व्हायला लागल्या होत्या. लेकीच्या पोटावर पाय येतोय आणि आपल्याला असलं काय होतंय, याची तिला थोडी लाजही वाटली. पण खरं ते खरं. बिघाड दिसला की ही बाई खुलायची.

शिकली होती ती बारावीपर्यंत, तीही कला शाखेत. लग्नानंतर गल्लीतल्या केबलवाल्याच्या तक्रारी फोनवर लिहून घ्यायचं काम धरलं. लिहून लिहून तिला कळायला लागलं की दहातल्या आठ तक्रारी घरबसल्या सुटतात, फक्त नीट विचारावं लागतं. पुढे व्हिडिओ बघून, जुने राउटर उघडून, दोनदा झटका खाऊन बाकीचं जमलं. आता जुळे सोलापुरातल्या त्या रो-हाउसच्या ओळीत ती 'नेटवाल्या वहिनी' होती. मल्लिनाथ कलशेट्टी सरांची बायको ही तिची ओळख मागं पडली होती, आणि याचा सरांना कोण अभिमान. पाहुण्यांपुढे म्हणायचे, "मी पोरांना गणित शिकवतो. ही भिंतींना शिकवते."

तर भिंतींची शिकवणी सुरू झाली. राउटर बंद करून चालू केला. चॅनल बदलला. कपाटावरच्या पितळी घागरी खाली उतरवल्या, कारण धातू लहरी अडवतो. राउटरवरचं लोकरीचं विणलेलं झाकण काढलं, मग धूळ पुसून परत घातलं, कारण ते सासूबाईंनी विणलेलं होतं. नीलाच्या चष्म्याला वायर जोडावी म्हटलं, तर त्याला वायर जोडायला तोंडच नाही, सगळा कारभार हवेतून. जुनं फर्मवेअर परत घालावं म्हटलं, तर राउटर म्हणे मागे जाता येणार नाही. सासरी आलेल्या सुनेसारखं.

शेवटी तिनं राउटरवाल्यांना फोन लावला. एरवी ती हे टाळायची. दुसऱ्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे हार मानणं. पलीकडे एक शांत आवाजाची मुलगी होती. तिनं सांगितलं ते ऐकून महानंदा हातातलं पेन विसरून ऐकत राहिली.

नव्या फर्मवेअरनं राउटरला डोळे आले होते. म्हणजे डोळे नव्हेत, स्पर्श. वाय-फायच्या लहरी घरभर पसरतात, भिंतींवर आपटतात, माणसांवर आपटतात आणि परत येतात. तळ्यात उभ्या माणसाभोवती पाण्याच्या रेषा वळतात ना, तशा त्या आपल्याभोवती वळतात. आपण चाललो की त्या हलतात. श्वास घेतला तरी छाती दोनचार मिलिमीटर पुढे येते, तेवढ्यानंही हलतात. आजवर राउटर या हलण्याकडे कचरा म्हणून दुर्लक्ष करायचा. आता त्यातूनच तो वाचायला शिकला होता: घरात कोण कुठे आहे, कोण पडलंय, कोण झोपलंय. म्हाताऱ्या माणसांच्या घरी उपयोगी, मुलगी म्हणाली.

पण घरात माणसांखेरीजही हलणाऱ्या गोष्टी असतात. पंखा, मिक्सर, शिलाई मशीन. त्यांची थरथर राउटरला वजा करावी लागते, नाहीतर माणूस दिसत नाही. ओळखीचं यंत्र तो निमूट वजा करतो. अनोळखी दिसलं, की सगळं काम थांबवून चाळीस सेकंद नव्यानं घर मोजतो. "तुमच्या नोंदीत तेच दिसतंय, मॅडम. अनोळखी यंत्र, सेकंदाला सुमारे पाच फेरे. दोन दिवसांत एकवीस वेळा. घरात काही नवीन आणलंय का?"

"काही नाही," महानंदा म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की तिनं त्या मुलीला चहाला बोलावलं. मुलगी कुठल्या गावात बसली होती देव जाणे.

सेकंदाला पाच! आता चोराचा ठसा मिळाला होता. तिनं तिचा जुना लॅपटॉप काढला, वायरनं राउटरला जोडला आणि पडद्यावर राउटरचं ते नवं मोजमाप उघडलं. हवेतलं नेट गेलं तरी वायरीवर हे दिसत राहायचं. एक रेघ, माणूस चालला की लाटेसारखी वरखाली होणारी. नीलाला तिनं दारातून तीनदा ये-जा करायला लावली. मग पंखा लावला: रेघेवर बारीक दातेरी नक्षी. फेरे जास्त, आपला चोर नव्हे. मिक्सर तर विचारूच नका. कपडे धुण्याचं मशीन फिरवलं, तेही ओळखीचं निघालं. नीलाची घोरण्याची सवय तपासायची का, असं तिनं विचारलं तेव्हा लेक पहिल्यांदा हसली.

मग महानंदाची नजर भिंतीवर गेली. भिंतीपलीकडे सुवर्णा पडसलगी राहायच्या. त्यांचा कडक भाकरीचा धंदा होता, आणि गेल्या वर्षी त्यांनी भाकरी थापायचं मशीन घेतलं होतं. धपधप, धपधप, दिवसभर. सेकंदाला किती धपा पडतात हे महानंदानं भिंतीला कान लावून मोजलं. चार तरी असाव्यात.

मशीन बंद करा असं कोणाला सांगणं सोपं नसतं. सुवर्णाताईंनी आधी ऐकून घेतलं, मग आमच्या भाकरीमुळे तुमची क्रेन अडते का, असं विचारलं, मग नीलाचं नाव ऐकून विरघळल्या आणि संध्याकाळभर मशीन थांबवायला कबूल झाल्या. निघताना त्यांनी कागदात चार भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून दिली. दारापर्यंत आल्या. मग म्हणाल्या की सरांची तब्येत बरी आहे ना, परवा दुधाची पिशवी हातातून निसटली, मीच उचलून दिली.

"ऊन किती कडक आहे," महानंदा म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

संध्याकाळी मशीन बंद होतं. साडेसातच्या बातम्यांना सर खुर्चीत टेकले आणि पाचच मिनिटांत टीव्हीवरची बाई तोंड उघडं ठेवून थिजली. चाळीस सेकंद. भाकरी निर्दोष सुटली.

जेवणं झाल्यावर सर म्हणाले, "आण ती नोंद इकडे. असं अंदाजपंचे काय शोधतेस? आकडे बोलतात."

हे दोघांचं जुनं सुख होतं. तिनं बिघाड आणायचा, त्यांनी आलेखाचा कागद. जेवणाच्या टेबलावर त्यांनी कागद पसरला, उजव्या हातानं झरझर बिंदू मांडायला लागले. डावा हात, एरवी बसताना मांडीखाली असायचा तो, कागदाची कड दाबून धरत होता. महानंदा आकडे वाचत होती: चार पूर्णांक आठ. पाच पूर्णांक एक. चार पूर्णांक नऊ. सरांचे डोळे चमकायला लागले. "बघ, बघ. मोटर असती तर आकडा एकच आला असता. हे किंचित बदलतंय. म्हणजे विजेवर चालणारं नाही. आणि सुरू होताना एकदम नाही होत, हळूहळू चढतं. अगं, हे यंत्रच नाही!" आवाज तासाला शिकवतानाचा झाला होता. वर्गात शेवटच्या बाकावरचा पोरगाही ज्यासाठी मान वर करायचा तो आवाज. तीही त्यांच्याबरोबर वाहत गेली. यंत्र नाही, मग काय? उंदीर? पाल? घड्याळाचा लंबक? दोघं डोक्याला डोकं लावून बसली आणि वीस वर्षांपूर्वीसारखी खिदळली.

"आता वेळा सांग," सर म्हणाले.

तिनं वाचल्या. सकाळी सहा बेचाळीस. दुपारी एक वीस. संध्याकाळी साडेसात. आज सकाळी सहा अडतीस. दुपारी एक पंचवीस. रात्री झोपल्यावर एकही नाही. सोमवारी आणि मंगळवारी साडेसात ते एक, सर शाळेत असताना, एकही नाही.

पेन्सिल थांबली. सरांनी कागदाकडे जरा वेळ पाहिलं. मग खाली, कोपऱ्यात, '५ / से.' एवढंच लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि उद्या सकाळची शाळा आहे म्हणून झोपायला गेले.

महानंदा कागद घेऊन बसून राहिली. दोन तास त्यांचे दोन्ही हात कामात होते, आणि त्या दोन तासांत नेट एकदाही गेलं नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं. आणखीही एक आलं. तीस वर्षं या माणसानं उत्तराला एकक लिहिलं नाही म्हणून पोरांचा अर्धा गुण कापला. पाच काय? पाच आंबे, पाच माणसं, पाच गाढवं? नुसता पाच म्हणजे काहीच नाही, असं तो दारावर आलेल्या भाजीवालीलाही ऐकवायचा. आज त्यानंच 'से.' लिहिलं, पण पाच कशाचे ते एकक सोडलं होतं.

बुधवारी सहाला नीलाची शिफ्ट सुरू झाली. सहा पस्तिसला महानंदानं लॅपटॉप डाव्या हातावर घेतला आणि मागे पंधरा मीटर पिवळी वायर ओढत घरात फिरायला लागली. स्वयंपाकघरात रेघ शांत. जिन्याखाली शांत. आतल्या खोलीकडे वळली तशी रेघेवर एक बारीक लहर उठली, नियमित, शिवणीच्या टाक्यांसारखी. एक पाऊल पुढे: लहर मोठी. अजून एक पाऊल. "सापडला!" ती स्वतःशीच म्हणाली आणि दाराच्या फटीतून आत पाहिलं.

सर पूजेला बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून काढलेलं इष्टलिंग डाव्या तळहातावर. आपलं लिंग आपण आपल्याच तळहातावर धरायचं आणि नजर न हलवता त्याच्याकडे पाहत राहायचं, ही त्यांच्या घरातली रोजची पूजा. लग्नानंतर कितीतरी वर्षं दोघं बाहेरच्या खोलीत शेजारी बसून करायची. गेल्या वर्षी कधीतरी सर आतल्या खोलीत बसायला लागले. एकाग्रता होत नाही म्हणाले.

हात सुरुवातीला स्थिर होता. मग हळूहळू, जणू आतून कोणी दार ठोठावतंय तसा, हलायला लागला. लिंगावरचं बेलाचं पान थडथडलं. उजव्या हातानं त्यांनी डावं मनगट घट्ट पकडलं. पान थडथडतच राहिलं. पडद्यावरची रेघ आणि ते पान एकाच तालात.

बाहेरच्या खोलीतून नीलाचं पुटपुटणं ऐकू आलं. नेट गेलं होतं.

महानंदा आवाज न करता मागे सरकली, वायर गुंडाळत गुंडाळत. सगळं इतकं सरळ बसत होतं की तिला आपल्या हुशारीची किळस आली. हात रिकामा असला, टेकलेला असला, नुसता धरून ठेवलेला असला, की थरथरतो. कामाला लागला की थांबतो. झोपेत पूर्ण शांत. राउटरनं दोन दिवसांत जे वाचलं ते तिनं वर्षभर वाचलं नव्हतं. वाचलं नव्हतं? त्यांच्या शर्टांची बटणं काढून तिनंच दाबली की बसणारी चापाची बटणं लावली होती, हल्लीची बटणं फार बारीक असतात म्हणत. शाळेच्या फळ्यावरचं त्यांचं अक्षर बारीक होत चाललंय अशी मुख्याध्यापकांची चिठ्ठी आली तेव्हा तिनंच चष्म्याचा नंबर तपासायला पाठवलं होतं. यंदा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत त्यांनी मिरवणुकीत पेलायच्या जड नंदीध्वजाला हात लावला नाही, पाठ दुखते म्हणाले, आणि तिनं पाठीला तेल चोळलं होतं. पाठीला!

राउटरच्या सेटिंगच्या तिसऱ्या पानावर, अगदी तळाशी, एक बटण होतं: घरातल्या हालचाली वाचणं, चालू किंवा बंद. बंद केलं की राउटर पहिल्यासारखा आंधळा. नेट जाणार नाही. नीला घरी राहील. घर होतं तसं राहील.

शिफ्ट संपल्यावर नीला येऊन मागे उभी राहिली. तिनं पडद्यावरचं ते बटण वाचलं, टेबलावरचा आलेख पाहिला, वेळा पाहिल्या. काही विचारलं नाही. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. आणि एकदम महानंदाला आठवलं, दिवाळीपासून ही पोरगी सरांना चहा देताना कप अर्धाच भरते. सांडू नये म्हणून. जास्त चहा चांगला नाही म्हणायची.

"दाब ना, आई," नीला हळूच म्हणाली.

तिनं दाबलं.

गुरुवार स्वच्छ गेला. शुक्रवारी नीलानं एका पाळीत दोनशे दहा कंटेनर उचलले, कुणाच्याही वर. शनिवारी दोन वाजता निरोप आला: परीक्षा पास, घरूनच काम. नीला मुठींसकट नाचली. सुवर्णाताई भाकऱ्यांचा अख्खा डबा घेऊन आल्या आणि आपलं मशीन दोषमुक्त झाल्याबद्दल सगळ्यांचं अभिनंदन केलं. आनंद खोटा नव्हता. फक्त महानंदाला रात्री कूस बदलता बदलता राहून राहून वाटत होतं की आपण पहिल्यांदाच बिघाड दुरुस्त केला नाही, झाकला. बिघाड झाकणाऱ्यांना ती आयुष्यभर शिव्या देत आली होती.

रविवारी तिनं हुग्गी केली. गव्हाची, गुळाची, वर तूप. ताटं वाढण्याआधी तिनं लॅपटॉप उघडला, तिसऱ्या पानाच्या तळाशी गेली आणि बटण परत चालू केलं. मग आलेखाचा कागद घडी उलगडून टेबलावर ठेवला.

सर खुशीत होते. दोन घास झाल्यावर विचारलंच त्यांनी. "ते राहिलंच की. दुरुस्त केलंस कसं? रीत दाखव."

नीलाचा घास हातातच राहिला.

महानंदाला वाटलं, सांगावं काहीतरी. चॅनल बदलला, वायर सैल होती, हजार कारणं असतात. त्याऐवजी तिनं कागद त्यांच्या ताटाजवळ सरकवला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"सर, एकक राहिलंय तुमचं," ती म्हणाली. "अर्धा गुण गेला."

ते हसले, सवयीनं. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे कागदावर. हॉलमध्ये गाणं लागलं होतं, ते मध्येच तुटलं. चाळीस सेकंद घरात नुसता पंखा ऐकू येत होता. नीला उठून राउटरकडे गेली नाही.

गाणं परत सुरू झालं तेव्हा सरांनी मांडीखालून डावा हात काढला, आणि तो टेबलावर, आलेखाच्या कागदावर, सगळ्यांसमोर ठेवला. कागद कुरकुरायला लागला.

"पाच थरथरी," ते म्हणाले. "माझ्या हाताच्या. कंपवात आहे हा, महानंदा. मला वर्षभर माहीत आहे, आणि मला फार भीती वाटते."